जुन्या गाडीच्या पेट्रोल टाकीचे तुटलेले बोल्ट कसे काढायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, अँबॅसिडर, जुनी जीप अशा गाड्या सांभाळणारी मंडळी कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या अडचणीचा प्रश्न थेट उघडला तरी चालेल, मात्र पान्याला हात लावण्याआधी प्रश्न १, २ आणि ३ वाचाच.

१. टाकीचा बोल्ट तुटलाय. आधी काय बघायचं?

तुकडा कशात अडकलाय ते बघा, गाडीच्या बॉडीत की टाकीत. पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

टाकी बॉडीला धरून ठेवणारे बोल्ट किंवा पट्ट्यांचे बोल्ट बहुतेक गाड्यांत बॉडीत वेल्ड केलेल्या नटांत बसतात. ते साधारण एम-८ (८ मिलिमीटर जाडीचे) असतात, म्हणजे १२ किंवा १३ च्या पान्याचे. असा बोल्ट तुटला की तुकडा बॉडीत राहतो आणि टाकी मोकळी होते. टाकी लांब नेऊन ठेवली की उरतं ते साधं लोखंडकाम.

फ्लोट युनिटचे (टाकीत तरंगून पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या भागाचे) स्क्रू (एम-५ किंवा एम-६) टाकीच्याच कड्यात आटलेले असतात. तिथला तुकडा टाकीत राहतो. टाकीच्या पातळ पत्र्यावर, पेट्रोलच्या वाफेच्या तोंडाशी काम करायचं म्हणजे नियमही वेगळे. हे प्रश्न ९ आणि १० मध्ये आहे.

तिसरी जागा ड्रेन प्लगची, म्हणजे टाकीच्या तळाशी पेट्रोल काढायला असलेल्या बुचाची. हा प्लग सहसा तुटत नाही, त्याचं डोकं गोल होतं. त्यासाठी प्रश्न ६.

२. टाकी पूर्ण रिकामी केली आहे. आता ड्रिल, ग्राइंडर चालवायला हरकत नाही ना?

हरकत आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

जळते ती पेट्रोलची वाफ. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते. गच्च भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र तळाशी राहिलेलं वाटीभर पेट्रोल, शिवणीत मुरलेले थेंब आणि भरपूर हवा असं स्फोटाला हवं ते सगळं जमून येतं. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे थंडीच्या दिवसांतही सूट नाही.

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून वर न जाता जमिनीलगत सरकते आणि खोलगट जागेत साठते. गॅरेजच्या पिटमध्ये उतरून टाकी सोडवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि नेमकी तीच जागा सर्वांत वाईट. गाडी सपाट, मोकळ्या जागेत मजबूत स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका.

टाकी गाडीवर असेपर्यंत किंवा जवळपास असेपर्यंत ग्राइंडर, गॅस, वेल्डिंग आणि विजेचं ड्रिल बंद ठेवा. बॅटरीवरच्या साध्या ड्रिलमध्येसुद्धा कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात. हाताने फिरवायचं ड्रिल किंवा कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं ड्रिल वापरा, आणि कॉम्प्रेसर लांब ठेवून पाइप ओढून आणा. उजेडासाठी बल्ब लोंबकळत ठेवू नका. तो फुटला की तीही ठिणगीच.

३. पेट्रोल कसं काढायचं आणि कशात ठेवायचं?

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजेक्शनच्या गाडीत त्याहीआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. लाइनमधला दाब त्यामुळे उतरतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत याची गरज नाही.

पेट्रोल काढायला हातपंप वापरा. नळी तोंडाने ओढू नका. चुकून घोट फुप्फुसात गेला तर दवाखान्यात दाखल व्हावं लागतं.

साठवायला झाकण घट्ट बसणारा धातूचा कॅन घ्या. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं आणि त्यातला धातूचा एकेक कॅन २५ लिटरपेक्षा मोठा नसावा, असं १९३४ चा पेट्रोलियम कायदा सांगतो. मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची आहे, म्हणजे काठोकाठ भरलेली असेल तर एका कॅनमध्ये भागत नाही. गाडी एक-दोन लिटरवर आणूनच काम काढलेलं उत्तम. भरलेल्या टाकीतल्या नुसत्या पेट्रोलचं वजन वीस किलोच्या वर जातं आणि शेवटचा बोल्ट सुटला की ते अंगावर येतं.

गढूळ किंवा पाणी मिसळलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. शहरातल्या गटारातून ते जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जातं. गटारात साचलेली वाफ पेटते, तो धोका आणखी वेगळा.

हाताशी ४ किंवा ६ किलोचं ड्राय पावडर अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारलं तर ते पाण्यावर तरंगत पसरतं.

४. हे बोल्ट एवढे चिकटतात आणि तुटतात कशाने?

लोखंड गंजलं की फुगतं. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत गंज धरला की तो नट आणि बोल्ट दोघांना आतून दाबून धरतो. गगनबावडा, राधानगरीकडचा पाऊस, उसाच्या वाटेवरचा चिखल आणि वरचेवर कोकणात उतरणाऱ्या गाड्यांना लागणारी खारी हवा हे सगळं टाकीच्या वरच्या खाचेत साठून राहतं. जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिथे ओली माती बसली की महिनोन्महिने वाळत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बॉडीतल्या वेल्ड नटाच्या वर बोल्टाचं टोक दोन-चार आटे बाहेर आलेलं असतं. खरा गंज त्या उघड्या टोकावर चढतो. बोल्ट सोडवायला लागलं की ते फुगलेलं टोक नटातून खाली ओढलं जातं, सुरुवातीला बरा फिरणारा बोल्ट अर्ध्यावर जाम होतो आणि तिथेच तुटतो. वरून हात पोचत असेल तर ते टोक आधी तारेच्या ब्रशने हातानेच घासा आणि त्यावर तेल सोडा.

तुटायला जोरही फारसा लागत नाही. एम-६ बोल्ट घट्ट करायला साधारण १० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) पुरतात. फूटभर लांबीच्या हँडलवर ५ किलोंचा जोर दिला की १५ न्यूटन-मीटर होतात. म्हणजे लांब हँडल लावून नेहमीसारखी ओढ दिलीत तरी एम-६ तुटू शकतो. अशा बोल्टला वीतभर लांबीचाच पाना लावा.

५. बोल्ट अजून तुटलेला नाही, पण हलत नाही. तुटू नये म्हणून काय करावं?

घाई करू नका. गंज सोडवणारं तेल संध्याकाळी मारा, सकाळी पुन्हा मारा, परत संध्याकाळी मारा. दोन दिवस मुरू द्या. साध्या स्प्रेपेक्षा खास गंजासाठी मिळणारं तेल आत जास्त शिरतं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरायचं का, असं बरेच जण विचारतात. ते आत शिरतं खरं, पण ॲसिटोन पटकन पेटतो, रंग आणि रबर खातो. म्हणून टाकी आणि पाइप जागेवर असताना ते नको.

तेल मुरल्यावर बोल्टाच्या डोक्यावर पितळी हातोडीने सरळ, हलके पंधरा-वीस ठोके द्या. आट्यांतला गंज भुगा होऊन तेलाला वाट मिळते. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या. बारीक ‘टिक’ असा आवाज आला की चिकट सुटली. त्यानंतर पाव फेरा सोडा, थोडा मागे घ्या, तेल मारा, पुन्हा सोडा. बोल्ट फिरताना कोरडा चिरका आवाज आला तर थांबून परत आत घ्या. आणि पाना ओढताना हाताला रबरासारखा ताण जाणवला, पण डोकं फिरूनही जागचं काही सुटत नाही असं वाटलं, तर बोल्ट पिळला जातोय. तिथेच थांबा, आणखी एक दिवस तेल द्या.

६. डोकं गोल झालंय, पाना सटकतो. आता?

बारा कोनी गोटी बाजूला ठेवून सहा कोनी गोटी घ्या. तीही सटकत असेल तर एक माप लहान गोटी (१२ च्या डोक्याला ११ ची) ठोकून बसवा. बॉडीकडच्या बोल्टाला हे बेलाशक करा. टाकीच्या कड्यावर ठोकाठोक करू नका, पत्रा बसतो.

जपानी घराण्याच्या गाड्यांत फ्लोट युनिटला चौफुली स्क्रू असतील तर ते बहुधा जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात वर चढतो आणि खाच खातो. जपानी मापाचं टोक मिळवा. फरक पहिल्याच पकडीत कळतो.

ड्रेन प्लग गोल झाला असेल तर कानशीने त्याला समोरासमोर दोन सपाट बाजू पाडून पाना लावा. तरी सुटला नाही तर तो आहे तिथेच राहू द्या आणि पेट्रोल वरून काढा.

७. बोल्ट तुटलाय, पण थोडा बाहेर दिसतोय. कसा पकडायचा?

पाच मिलिमीटर किंवा जास्त बाहेर असेल तर काम सोपं आहे. कानशीने दोन समांतर बाजू सपाट करा आणि लहान पाना लावा. लॉकिंग प्लायरही चालतो, पण तो एकदा सटकला की तुकडा गोल होतो, म्हणून पकड पहिल्यांदाच पूर्ण ताकदीने आवळा. आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाने फिरवा.

पद्धत प्रश्न ५ मधलीच, मागे-पुढे. एका दमात काढायला गेलात की तुकडा पृष्ठभागाशी तुटतो आणि तुम्ही प्रश्न ८ वर येता.

८. तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीने किंवा आत तुटलाय. ड्रिल कसं करायचं?

हे उत्तर बॉडीतल्या तुकड्यासाठी आहे. टाकी काढून मोकळ्या आवारात लांब ठेवलेली, गाडीवर राहिलेल्या पेट्रोल पाइपांची तोंडं बंद केलेली, असं धरून पुढे वाचा.

तुटलेली बाजू जवळपास नेहमीच तिरकी असते. आधी ती बारीक कानशीने किंवा सपाट टोकाच्या पंचने ठोकून सपाट करा. मग मध्यावर पंच मारा. पाच मिनिटं इथे घालवा, भिंगातून बघा, मध्य चुकला असेल तर पंच तिरका धरून खूण सरकवा. पुढचं सगळं या एका टिंबावर अवलंबून आहे.

डाव्या आट्याचं ड्रिल मिळालं तर तेच घ्या. ते उलट फिरतं, त्यामुळे बऱ्याचदा भोक अर्धं पडायच्या आत तुकडा स्वतःहून फिरून बाहेर येतो. नाहीतर कोबाल्टचं साधं ड्रिल. पहिलं भोक २.५ किंवा ३ मिलिमीटरचं, मग ४, मग शेवटचं. शेवटचं माप आट्यावर ठरतं: एम-५ ला ४.२, एम-६ ला ५, एम-८ ला ६.८ मिलिमीटर. वेग कमी, दाब पक्का, कटिंग तेल सतत. ड्रिल चिरकत असेल आणि चुऱ्याऐवजी पीठ निघत असेल तर धार गेली. तसंच रेटत राहिलात तर बोल्ट तापून वरून कडक होतो आणि नवं ड्रिलही घसरतं.

शेवटच्या मापाचं भोक बरोबर मध्यावर पडलं तर बोल्टाची फक्त आट्यांची पातळ गुंडाळी उरते. सुईसारख्या टोकाने पहिला आटा उचला आणि चिमट्याने ओढा. स्प्रिंगसारखी ती उलगडत येते. मग त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप अडला तर जबरदस्ती करू नका. बाहेर काढून चुरा साफ करा, पुन्हा घाला.

भोक मध्य सोडून गेलं असेल तर प्रश्न ११.

९. फ्लोट युनिटचा स्क्रू टाकीच्या कड्यात तुटलाय. तो कसा काढायचा?

टाकी गाडीवरून उतरवा. सीटखालच्या झाकणातून युनिट दिसत असलं तरी तिथे वाकून ड्रिल करू नका.

पेट्रोल काढून टाकी मोकळ्या आवारात उघडी ठेवा. गरम पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीने दोन-तीनदा खळखळून धुवा. मग पाइपांची तोंडं रबरी बुचांनी बंद करून, तुटलेल्या स्क्रूचं कडं सर्वांत वर येईल अशी टाकी वाळूच्या पिशव्यांवर टेकवा आणि काठोकाठ पाण्याने भरा. धुतलेल्या टाकीतही शिवणींतून वाफ पुन्हा सुटते. पाणी भरलं की तिला जागाच उरत नाही. पाणी भरताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते, म्हणून भरून झाल्यावर अर्धा तास थांबा आणि मगच ड्रिल घ्या. ड्रिल अर्थात हाताचं किंवा हवेचंच.

आता स्क्रूकडे. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कड्यातले आटे आत उघडे असतील तर आतली बाजू पेट्रोलमध्ये राहिल्याने सहसा स्वच्छ असते, गंज वरच्या बाजूला असतो. त्यामुळे तुकडा बाहेर ओढण्यापेक्षा आत फिरवून पाडणं बऱ्याचदा सोपं जातं. तुकड्यावर बारीक कानशीने किंवा करवतीच्या पात्याने खाच पाडा आणि स्क्रूड्रायव्हरने आवळायच्या दिशेने फिरवा. तो टाकीत पडला की लांब दांड्याच्या लोहचुंबकाने उचला. कड्यातला नट आतून बंद असेल, टोपीसारखा, तर हा उपाय चालत नाही. तुटला नाही असा शेजारचा स्क्रू काढून भोकात काडी घाला. ती टाकीत गेली तर नट उघडा, अडली तर बंद.

ड्रिल करायचंच असेल तर मापं प्रश्न ८ प्रमाणे. पाणी भोकातून झिरपून ड्रिलची धार थंड ठेवतं. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, दर दोन-तीन मिलिमीटरला बाहेर काढून पुसा. निम्म्याहून जास्त चुरा ग्रीसला चिकटून येतो.

१०. चुरा टाकीत पडलाच. आता पंप, कार्ब्युरेटर खराब होईल का?

तसाच ठेवलात तर होईल. पंपाची जाळी जाड कण अडवते, बारीक कण इंजेक्टरपर्यंत किंवा कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत जातात. टाकीतलं पाणी बाहेर ओतताना टाकी आडवी-उभी करून चुरा युनिटच्या भोकाकडे आणा, लोहचुंबक फिरवा, परत धुवा. चुंबकावर काही चिकटत नाही तोवर धुत राहा. पितळेच्या स्क्रूचा चुरा चुंबकाला लागत नाही, तो धुऊनच काढावा लागतो.

मग टाकी उन्हात पूर्ण वाळवा आणि लिटरभर पेट्रोलने एकदा खळखळून ते पेट्रोल फेकून न देता वेगळं ठेवा. गाडी जोडल्यावर नवा फिल्टर घाला आणि १००-२०० किलोमीटर झाले की तोही बदला.

११. ड्रिल वाकडं गेलं, आटे गेले. कडं फुकट गेलं का?

नाही. तीन वाटा आहेत, आणि आटे बॉडीतले गेले की टाकीतले, त्यावर निवड करा.

बॉडीतल्या नटाचे आटे गेले असतील तर तारेच्या आट्याचं इन्सर्ट बसवा, मूळ मापाचा बोल्ट राहतो. किंवा एक माप मोठे आटे पाडा, एम-६ चं एम-८. वेल्ड नटात तेवढी भिंत शिल्लक आहे का ते आधी मोजा.

टाकीच्या कड्यात मोठे आटे पाडणं सहसा जमत नाही, कारण भोक युनिटच्या गॅस्केटच्या बाहेर किंवा आत सरकतं आणि गळती लागते. पत्र्यात दाबून बसवायचे रिव्हेट-नटही टाकीवर वापरू नका, त्यांच्या कडेने पेट्रोल झिरपतं.

टाकीसाठी सगळ्यांत चांगली वाट म्हणजे आतून बसवायचं दुभंगलेलं कडं. उद्यमनगरात लेथवाल्याकडे जुनं युनिट नमुन्याला द्या. त्याच भोकांच्या मापाचं ३ ते ४ मिलिमीटर जाडीचं स्टीलचं कडं, प्रत्येक भोकात आटे पाडून, तो करून देईल. मग ते मधोमध कापून दोन अर्धचंद्र करून घ्या. एकेक अर्धचंद्र युनिटच्या भोकातून टाकीत घाला, सुतळीने किंवा तारेने वर ओढून धरा आणि स्क्रू लावा. टाकीचं जुनं कडं आता फक्त मधला पत्रा राहतं. वेल्डिंग नाही, आग नाही, आणि सगळे आटे नवे. स्क्रू टाकीच्या आत जात असल्याने प्रत्येकाखाली तांब्याचा किंवा फायबरचा वायसर हवा.

१२. ईझी-आउट वापरायचं की नाही?

ईझी-आउट म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून त्यात घालायचा, उलट आट्यांचा निमुळता दांडा. एम-८ ला वापरा, एम-६ ला विचार करून, एम-५ ला नको. ज्या बोल्टाचं लोखंड जोराने तुटलं, त्याच्या आतल्या भोकात त्याहून बारीक आणि ठिसूळ स्टील घालून तुम्ही तेवढाच जोर देणार आहात. शिवाय निमुळता ईझी-आउट आत घुसताना बोल्टाला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे तो आणखी घट्ट बसतो.

ईझी-आउट आत तुटला तर साध्या ड्रिलने तो कापत नाही, कार्बाइडचं लागतं. तोही ठिसूळ असल्याने बारीक पंचने ठोकून कधीकधी तुकडे पडतात. बॉडीत असेल तर हे करून बघा. टाकीच्या कड्यात असेल तर ते भोक सोडून द्या आणि कडं थोडं फिरवून नवी भोकं धरून प्रश्न ११ मधलं दुभंगलेलं कडं बसवा. मात्र युनिटची दिशा बदलून फ्लोट टाकीच्या भिंतीला अडत नाही ना ते बघा, आणि निकामी भोक गॅस्केटखाली येत नसेल तर ते बंद करून घ्या.

१३. वेल्डर म्हणतो, तुकड्यावर नट वेल्ड करतो, लगेच सुटेल. करू द्यावं का?

बॉडीतल्या तुकड्यावर करू द्या. पद्धत उत्तम आहे. वेल्डच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पाना लावायला नवं डोकं मिळतं. टाकी आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पाइपांची तोंडं बंद, मागची सीट आणि खालचा गालिचा काढलेला. शेवटचं विसरलं जातं. वेल्ड नटाच्या वर नेमका सीटचा फोम किंवा डांबरी थर असतो आणि खाली काम करणाऱ्याला वर लागलेली धग दिसत नाही. गाडीत पाण्याचा स्प्रे घेऊन एक माणूस बसवा.

टाकीतल्या तुकड्यावर मात्र नाही. टाकी धुतलेली असली, पाण्याने भरलेली असली, वेल्डर वीस वर्षांचा अनुभवी असला, तरी घरगुती तयारीवर नाही. टाकीला वेल्डिंग किंवा झाळकाम लागणारच असेल तर नेहमी टाक्या आणि रेडिएटर करणाऱ्या कारागिराकडे द्या. टाकी वाफेने धुऊन, वायूच्या मीटरवर शून्य बघून काम करतो का, हे त्याला स्पष्ट विचारा.

१४. बोल्टाबरोबर बॉडीतला नटच फिरतोय.

नटाचं वेल्ड सुटलंय. बोल्टाचं डोकं हाताच्या किंवा हवेच्या ड्रिलने उडवा, टाकी खाली घेऊन लांब ठेवा, मग वरून फ्लोअरमध्ये दोन बोटं जातील एवढी खिडकी कापून नट पकडा. बंद पोकळीत पोचायला दुसरा मार्ग नसतो. नव्या नटासाठी ३ मिलिमीटरच्या पट्टीवर नट वेल्ड करून ती पट्टी आतून बसवा. टाकीचं वजन सतत हादऱ्यात असतं, नुसता रिव्हेट-नट काही वर्षांत सैल होतो.

१५. अँबॅसिडरला एम-६ चा टॅप नीट बसत नाही. का?

जुन्या इंग्लिश घराण्याच्या गाड्यांत इंची आटे आहेत. १/४ इंच यूएनएफ (बारीक इंची आटे) म्हणजे इंचाला २८ आटे, पाना ७/१६ चा, टॅपआधीचं ड्रिल ५.५ मिलिमीटर. ५/१६ यूएनएफला २४ आटे, पाना १/२ चा, ड्रिल ६.९. एम-६ आणि एम-८ चे टॅप यात एक-दोन फेरे जातात आणि मग आटे खातात. मात्र या वयाच्या गाडीत मधल्या काळात कुणीतरी मिलिमीटरचे बोल्ट घातलेले असू शकतात. आधी आट्यांच्या गेजने मोजा.

१६. गाडी पुरात बुडाली होती. वेगळं काही?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या बऱ्याच गाड्या अजून चालू आहेत. पुराचा गाळ टाकीच्या वरच्या खाचेत सिमेंटसारखा बसलेला असतो. त्याच्यावर तेल मारून उपयोग नाही, गाळच ते पिऊन टाकतो. आधी लाकडी काडीने तो उकरा, पाण्याने धुवा, वाळू द्या, मग तेल. सगळेच बोल्ट तुटणार असं धरून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. टाकीच्या तळाशी पाणी असतंच. काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला की ते पेट्रोल गाडीत परत घालू नका.

१७. डिझेलच्या गाडीला एवढं सगळं लागतं का? आणि सीएनजीच्या?

डिझेल साध्या तापमानाला पेट्रोलसारखी वाफ सोडत नाही, त्यामुळे हाताच्या कामात धोका कमी. पण गरम केल्यावर रिकामी डिझेलची टाकीही फुटते. प्रश्न १३ तिलाही लागू.

सीएनजीच्या सिलिंडरच्या पट्ट्यांचे बोल्ट या पानावरच्या पद्धतीने काढू नका. सिलिंडरची दर ३ वर्षांनी चाचणी असतेच, ती करणाऱ्या अधिकृत केंद्रात हे काम करून घ्या.

१८. नवे बोल्ट कुठले घालायचे?

बॉडीकडे ८.८ खूण असलेले झिंक चढवलेले बोल्ट. आट्यांना तांबं किंवा निकेलची अँटी-सीझ (बोल्ट चिकटू न देणारी) पेस्ट लावा आणि नेहमीपेक्षा थोडं कमी आवळा, कारण पेस्टमुळे त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. स्टेनलेसचे बोल्ट घालण्याची हौस बऱ्याच जणांना असते. ते स्वतः गंजत नाहीत, पण ओलाव्यात त्यांच्या सोबतच्या साध्या लोखंडी नटाला जास्त गंजवतात. नट बॉडीत वेल्ड असेल तर तो सौदा महाग पडतो. नटाच्या वर आलेल्या टोकावर ग्रीसचा गोळा ठेवा. प्रश्न ४ मधला गंज तिथेच सुरू होतो.

फ्लोट युनिटला नवं गॅस्केट घाला. जुनी बुचाची किंवा साध्या रबराची गॅस्केटं इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला नीट टिकत नाहीत, फ्लुओरो रबराचं मिळालं तर तेच घ्या. सिलिकॉन पेस्ट लावू नका. पेट्रोलने ती फुगते, सुटते आणि तिचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, स्क्रूड्रायव्हरच्या हाताच्या ताकदीनेच आवळा.

१९. गळत नाही ना, हे कसं तपासायचं?

टाकी बसवण्याआधी तपासा. पाइपांना बुचं लावून टाकीत पाणी भरा, युनिटची बाजू खाली येईल अशी टाकी ठेवा आणि अर्धा तास थांबा. कोरड्या कागदाने प्रत्येक स्क्रूभोवती टिपा. कॉम्प्रेसरची हवा सोडू नका. टाकीचा पत्रा दाबासाठी नसतो, बघता बघता फुगतो.

गाडीवर चढवल्यावर आधी ५ लिटर घाला आणि जोड बघा. युनिट वरच्या बाजूला असेल तर तिथली गळती टाकी भरल्यावरच दिसते, म्हणून पहिल्यांदा फुल्ल केल्यावर लगेच परत बघा. गाडी बंद खोलीत लावण्याआधी एक रात्र बाहेर उभी करा.

२०. सगळं नीट बसवलं, गळत नाही, पण पेट्रोलचा काटा हलत नाही.

बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्लोट युनिटची अर्थिंग त्याच्या स्क्रूंतून टाकीला आणि टाकीच्या बोल्टांतून बॉडीला मिळते. तुम्ही नवं गॅस्केट, फायबरचे वायसर, रंग आणि पेस्ट घातली की हा रस्ता तुटतो. युनिटच्या पत्र्यापासून बॉडीच्या स्वच्छ घासलेल्या जागेपर्यंत एक वेगळी वायर टाका. तोवर टाकीचं झाकण बंद ठेवा आणि बॅटरीची वायर काढून ठेवा, जोडणी झाल्यावरच ती लावा. तरीही काटा हलला नाही तर टाकी उतरवताना फ्लोटची दांडी वाकली आहे का ते बघा. युनिट भोकातून सरळ ओढून काढलं की ती हमखास वाकते. ते तिरकं करून, दांडी आधी बाहेर घेऊन काढायचं असतं.